रोज चालतात तरी बाबांच्या मांड्या का झिजतायत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६९ वर्षांचे, ३४ वर्षं यंत्रमागावर उभ्याने काम केलं, आता घरीच असतात. रोज पहाटे कंबर तलावाला चालत जाऊन येतात, चारेक किलोमीटर होतं. शुगर आहे पण गोळीवर कंट्रोलमध्ये आहे. तरी वर्ष-दीड वर्षात मांड्या बारीक झाल्या, पँट ढिली पडली, खालून उठताना हात टेकावा लागतो, आणि एसटीच्या पायरीवर पाय ठेवला की दांडा धरून अंग वर ओढून घ्यावं लागतं. मुलगा विचारतोय की ह्या वयात व्यायामाने मसल खरंच वाढतात का, की उगीच जिममध्ये पाठवलं आणि काहीतरी फाटलं-बिटलं तर नसती आफत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापुरातच बावीस वर्षं हेच करतोय, आणि हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून चार वेळा तरी येतो. उत्तर आधीच सांगून टाकतो. वाढतात. सत्तरीत वाढतात, ऐंशीत वाढतात, पण चालण्याने वाढत नाहीत, आणि तुमच्या घरात गोची नेमकी तिथे झालीये. बाबा प्रामाणिकपणे व्यायाम करतायत, फक्त जे झिजतंय त्याला तो व्यायाम पोचतच नाहीये.

आता का पोचत नाही ते जरा सविस्तर सांगतो. आपल्या स्नायूत साधारण दोन जातीचे तंतू असतात, मी पेशंटला सांगताना त्यांना दमाचे आणि झटक्याचे म्हणतो. दमाचे तंतू हळू आकसतात पण तासन्‌तास थकत नाहीत, चालायला, उभं राहायला, पाठ सरळ ठेवायला तेच. झटक्याचे तंतू जाड असतात, ताकद जास्त आणि वेगही जास्त, पण पटकन दमतात. खुर्चीतून उठणं, पायरी चढणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाय अडखळला की पडायच्या आत दुसरा पाय पुढे टाकून सावरणं, ही कामं झटक्याच्या तंतूंची. शरीर कंजूष आहे, आधी लहान आणि दमाच्या तंतूंना हाक मारतं, त्यांच्याने भागलं तर मोठ्यांना उठवतच नाही. एल्वुड हेनमन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० आणि ६० च्या दशकात हे दाखवून दिलं आणि आजही आमचं अर्धं शास्त्र ह्या एका गोष्टीवर चालतं. म्हणजे सपाट रस्त्यावर गप्पा मारत चार किलोमीटर चाललात काय आणि आठ तासांची पाळी मागापाशी उभी काढलीत काय, झटक्याचे तंतू आपले झोपूनच.

आणि वय वाढतं तसे नेमके तेच आधी बारीक होतात. लेक्सेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये १५ ते ८३ वयाच्या मृत माणसांच्या मांडीचा एक अख्खा स्नायू कापून त्यातले तंतू मोजले होते, त्यात दिसलं की घट पंचविशीनंतरच हळूहळू सुरू होते, पन्नाशीपर्यंत १० टक्क्यांच्या आसपास जाते आणि नंतर वेग घेते, ऐंशीपर्यंत स्नायूचा जवळपास ४० टक्के भाग गेलेला. तंतू बारीक होतात तेवढंच नाही, त्यांची संख्याच कमी होते.

संख्या का कमी होते ते तुमच्या बाबांना लगेच कळेल, त्यांच्याच कामातलं उदाहरण देतो. मणक्यातल्या एका मज्जापेशीच्या, म्हणजे स्नायूला हुकूम पाठवणाऱ्या पेशीच्या, ताब्यात शेकडो तंतू असतात, जसे एका कामगाराकडे चार-सहा माग असतात तसं समजा. वयानुसार ह्यातल्या काही मज्जापेशी मरतात. कामगार आला नाही की शेजारचा म्हणतो चल मी बघतो तुझे माग, आणि थोडे दिवस भागतं. तसंच शेजारची मज्जापेशी पोरक्या तंतूंना आपली फांदी पाठवते आणि ताब्यात घेते. पण दोन भानगडी होतात. एक म्हणजे शेजारी जर दमाच्या जातीचा असेल तर नवे घेतलेले झटक्याचे तंतूही हळूहळू दमाचे होऊन जातात, मालकासारखी चाल. दुसरं म्हणजे एक माणूस किती माग बघणार, काही बंदच पडतात, आणि बंद तंतूच्या जागी चरबी आणि चिवट धागे भरतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाची मांडी हाताला भरल्यासारखी लागली तरी जोर त्या मानाने नसतो. जोर हा आकारापेक्षा वेगाने उतरतो आणि झटका, म्हणजे जोर गुणिले वेग, त्याच्याहूनही वेगाने. ह्या सगळ्या प्रकाराला सार्कोपेनिया हे नाव अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये दिलं. तोपर्यंत जगभर 'वय झालं' ह्या दोन शब्दांतच विषय संपत होता, आपल्याकडे अजूनही संपतो.

मग ह्या वयात उलटं फिरवता येतं का? १९९० मध्ये बोस्टनला मारिया फियाटारोन नावाच्या डॉक्टरबाईंनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना, वय नव्वदीच्या आसपास, आठ आठवडे चांगल्या जड वजनाने मांडीचा व्यायाम करवला. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. आणि मांडीतल्या स्नायूचा आकार? ९ टक्के. ह्या दोन आकड्यांतली तफावत नीट बघा, मी विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी हीच दाखवतो. ताकद इतकी वाढली आणि मांस त्या मानाने थोडंच, मग बाकीचा जोर आला कुठून? मेंदू आणि नसांकडून. जे तंतू होते पण कोणी हाक मारत नव्हतं त्यांना हाक जायला लागली, एकाच वेळी जास्त जायला लागली, उलट ओढणारे स्नायू सैल पडायला शिकले. म्हणून पहिल्या सहा-आठ आठवड्यांत बाबा म्हणतील जिना सोपा झाला की रे, आणि तुम्ही टेप लावून मांडी मोजाल तर टेप तिथल्या तिथे. तेव्हा 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नका, लोक नेमके तिथेच सोडतात.

मांस भरायचं काम मागून चालू असतं. वजनाचा ताण तंतूवर पडला की आतलं यंत्र प्रथिनं बनवायचा वेग वाढवतं आणि एका चांगल्या व्यायामानंतर हा वेग एक-दोन दिवस वाढलेला राहतो, म्हणून एक दिवसाआड किंवा आठवड्यातून दोनदा पुरतं, रोज झोडपायची गरज नाही. शिवाय प्रत्येक तंतूच्या सालीखाली काही राखीव पेशी चिकटून बसलेल्या असतात, सॅटेलाइट सेल म्हणतात त्यांना, अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत त्या पाहिल्या. तंतूला इजा झाली किंवा मोठं व्हायचं झालं की ह्या जाग्या होतात आणि डागडुजी करतात. वयानुसार त्या कमी होतात, त्यातही झटक्याच्या तंतूंजवळच्या जास्त, म्हणून म्हातारपणी वाढ हळू होते. हळू होते, थांबत नाही.

आता 'फाटलं-बिटलं तर' ह्याबद्दल. आपल्या सोलापूरच्या संक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज पेलणारे बघता ना दरवर्षी, पांढरी बाराबंदी घालून, एवढी उंच काठी कमरेशी तोलून रस्त्याने चालतात. त्यातला कोणी संक्रांतीच्या आदल्या रात्री ठरवून उद्या उचलतो म्हणून उतरत नाही. आधीपासून सराव चालतो, थोडा वेळ, मग जास्त वेळ, मग अजून जास्त अंतर, आणि अंगाने मान्य केलं की पुढचं. माझ्याकडे एक नंदीध्वजवाले अण्णा यायचे खांद्यासाठी, साठीच्या पुढचे, ते म्हणाले होते, "डॉक्टर, काठी जड नसती ओ, न केलेला सराव जड असतो." फाटतं ते अचानक केल्याने फाटतं. चढत्या क्रमाने केलं तर स्नायूबरोबर त्याची दोरीही, म्हणजे टेंडन, आणि हाडही घट्ट होत जातं, फक्त दोरीला स्नायूपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून पहिले दोन महिने घाई नको.

दुखेल मात्र. पहिल्या वेळी केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतील, आणि घरात कोणीतरी म्हणेलच की लॅक्टिक अॅसिड साचलंय. ते तर व्यायाम संपल्यावर तासाभरातच निघून जातं हो, त्याचा काही संबंध नाही. स्नायू ताणला जात असताना जोर लावला, म्हणजे हळूहळू खाली बसताना जसा लागतो, तर तंतूंत बारीक ओरखडे पडतात आणि त्यांची दुरुस्ती चालू असते ते दुखणं. तोच व्यायाम आठवड्याने परत केला की निम्मंही दुखत नाही. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, गुडघा सुजला, पायात मुंग्या गेल्या, तर ते वेगळं, तिथे थांबायचं आणि दाखवायचं.

एक कबुली देतो. सुरुवातीची सात-आठ वर्षं मी पण म्हाताऱ्या पेशंटच्या पायाला अर्धा किलोची वाळूची पिशवी बांधायचो आणि वीस वेळा पाय सरळ करा म्हणायचो, तेच महिनोनमहिने. का, तर भीती. सगळेच तसं करायचे. एकदा एक विडी वळणारी मावशी, वय ६५ च्या पुढे, आल्या होत्या गुडघ्यासाठी, तीन महिने तीच अर्धा किलो. एक दिवस क्लिनिकच्या बाहेर पाऊस म्हणून थांबलो होतो तर बघतो, ह्या मावशी पंधरा-वीस किलोची तांदळाची पिशवी काखेत मारून रिक्षात चढतायत! मला इतकी लाज वाटली. घरी जी बाई वीस किलो उचलते तिला मी अर्ध्या किलोचा व्यायाम देत होतो, तिच्या स्नायूला तर ती पिशवी बांधली आहे हे कळलंही नसेल. तेव्हापासून नियम केला, वजन माझ्या भीतीवर नाही ठरवायचं, पेशंटच्या शेवटच्या दोन वेळांवर ठरवायचं. दहा वेळा करायचं असेल तर नववी आणि दहावी वेळ तोंड वाकडं करायला लावणारी पाहिजे, पण पद्धत बिघडता कामा नये. हलक्या वजनानेही होतं, फक्त मग पंचवीस-तीस वेळा, अगदी थकेपर्यंत जावं लागतं, आणि तिथवर बहुतेक जण जात नाहीत, मधेच फोन येतो.

आता घरी काय करायचं. जिमची काही गरज नाही सुरुवातीला. प्लास्टिकची खुर्ची, हात नसलेली असली तर उत्तम, खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागे सरकणार नाही. बाबांना हात छातीवर घडी घालून बसवा आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायला सांगा, जमेल तेवढं भरभर, मोबाईलवर वेळ लावा. आशियातल्या डॉक्टरांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेलं आहे की ह्याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर सार्कोपेनियाचा संशय घ्यायचा. शिवणाची टेप घेऊन पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा, पुरुषात ३४ सेंटिमीटरच्या खाली आणि बाईमाणसात ३३ च्या खाली असेल तर तोही इशारा. हाताच्या पकडीचं यंत्र आमच्याकडे असतं, त्यात पुरुषाचं २८ किलोच्या आणि बाईचं १८ किलोच्या खाली गेलं की कमी. पकड बघतो कारण ती अख्ख्या अंगाचा अंदाज देते, भारतासह १७ देशांतल्या जवळजवळ एक लाख चाळीस हजार लोकांच्या अभ्यासात, २०१५ मध्ये छापून आलेल्या, ज्यांची पकड कमी त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं होतं. पकड वाढवली की आयुष्य वाढतं असा अर्थ काढू नका, बॉल दाबत बसू नका दिवसभर.

मग तीच खुर्ची व्यायामाची. उठताना झटक्यात, बसताना तीन मोजत हळू. आठ-दहा वेळा, दोन-तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. बारा सहज व्हायला लागले की पाठीवर शाळेची सॅक लावा आणि त्यात दोन किलो ज्वारी टाका, ते सोपं झालं की तीन. गंमत नाही, माझ्या पेशंटमध्ये एक आजोबा सात किलो ज्वारीवर पोचले आणि मग म्हणाले आता पीठ करून आणतो परत येताना. ओट्याला धरून टाचा उचलणं, घरातली एक पायरी एकेका पायाने चढ-उतर, भिंतीला हात टेकून दंड काढल्यासारखं, आणि दोन हातात पाण्याच्या दोन बादल्या धरून गच्चीवर चालणं. एवढं आठवड्यातून दोन दिवस. श्वास रोखायचा नाही, मोठ्याने आकडे मोजायला लावा म्हणजे आपोआप सुटतो, रोखला की बीपी एकदम चढतं. छातीत दुखत असेल, बीपी वर-खाली असेल, हर्निया असेल, किंवा शुगरमुळे डोळ्याच्या पडद्यात रक्त आलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग सुरू करा. मे महिन्यात सकाळी सातच्या आत उरका, आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

कंबर तलाव बंद करू नका, हे पण लिहितो नाहीतर गैरसमज होईल. चालण्याने स्नायूत ऊर्जेच्या भट्ट्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वाढतात, बारीक रक्तवाहिन्या वाढतात, दम वाढतो. आणि शुगरवाल्यांना तर स्नायू हेच साखर साठवायचं सगळ्यात मोठं कोठार, काम करताना आकसणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही रक्तातली साखर ओढतो. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं सांगतायत की आपला भारतीय माणूस दिसायला बारीक पण आतून चरबीवाला असतो, स्नायू मुळातच कमी. त्यात म्हातारपणी अजून गेला तर कोठारच लहान झालं की. म्हणून चालणं पण आणि जोर पण.

खाण्याचं. बाबांचं वजन समजा ५८ किलो असेल तर दिवसाला साधारण ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं पाहिजेत. तरुणाला किलोमागे ०.८ च्या आसपास चालतात पण उतारवयात स्नायू थोडा बहिरा होतो, तेवढीच हाक ऐकू यायला जास्त प्रथिनं लागतात, एक ते सव्वा ग्रॅम. आणि एकाच जेवणात सगळी नको, तिन्ही वेळेला वाटून. आपल्याकडे होतं काय, सकाळी चहा-खारी, दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी, डाळ पातळ, रात्री पण तसंच. शेंगाचटणी वाईट नाही, दोन मोठे चमचे दाण्यात पाच ग्रॅम मिळतात, पण त्याच्यावर किती चटणी खाणार. एक अंडं सहा ग्रॅम, पेलाभर दूध सहा-सात, वाटीभर घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ सात-आठ, हुलग्याचं माडगं आजीच्या काळचं ते परत काढा. सकाळच्या चहा-खारीच्या जागी दोन अंडी नाहीतर दूध आणि मूठभर फुटाणे एवढं जरी बदललं तरी फरक पडतो. किडनीचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर मात्र हा आकडा माझ्याकडून घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. नुसती पावडर पिऊन काही होत नाही, त्याच फियाटारोन बाईंनी १९९४ मध्ये शंभर वृद्धांवर केलं, व्यायामाने ताकद वाढली, व्यायामाशिवाय नुसत्या पोषक पेयाने नाही.

आणि जे स्नायूला सगळ्यात वेगाने खातं ते म्हणजे खाट. माझ्याच आईचं सांगतो, ७२ व्या वर्षी तापाने दवाखान्यात होती, दवाखान्याचं नाव नको. नऊ दिवस. तिथे पडू नये म्हणून तिला बाथरूमलाही खुर्चीवरून नेत होते, काळजीनेच नेत होते, आणि मी स्वतः ह्या धंद्यातला असून चार दिवस गप्प बसलो कारण मुलगा म्हणून घाबरलो होतो. घरी आणली तेव्हा तिला कमोडवरून उठता येईना. निरोगी म्हाताऱ्यांना दहा दिवस झोपवून ठेवलं तर दोन पायांतलं मिळून किलोभर मांस जातं हे मोजलेलं आहे, २००७ मध्ये, आणि ते निरोगी होते, माझ्या आईला तर तापही होता. ते भरून काढायला आम्हाला पाच महिने लागले. म्हणून बाबांना कधी ताप आला, पाय मुरगळला, तर पूर्ण झोपवू नका, निदान खाटेच्या कडेला बसून दिवसातून चार-पाच वेळा पाच-पाच उठबशा, डॉक्टर परवानगी देत असतील तर.

आजचे सेकंद आणि पोटरीचं माप स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, बारा आठवड्यांनी परत मोजा, मला त्या दोन आकड्यांसकट कळवा. आणि एक तुम्ही लिहिलंच नाहीत, म्हणून विचारतो, दोन्ही मांड्या सारख्याच बारीक झाल्यात का? एकच झाली असेल, किंवा महिन्या-दोन महिन्यांत भरकन झाली असेल, वजन पण आपोआप उतरत असेल, किंवा कोलेस्ट्रॉलची गोळी चालू केल्यापासून पाय दुखत असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि खुर्ची काढायच्या आधी बाबांना डॉक्टरकडे घेऊन जा. मणक्यातली दबलेली नस, शुगरने धरलेली नस, थायरॉईड, हे सगळं मांडी बारीक करूनच दाखवतं.